चुलीपाशी कोण होतं

सागाच्या त्या पट्ट्यात पक्षी फारसे बोलत नसत. इरुपगट्टा गावाबाहेरचा नाला ओलांडला की साग सुरू व्हायचा. एका रेषेतला, एका उंचीचा, एका वयाचा. पणजोबा-आजोबांच्या काळात कधीतरी मूळचं जंगल काढून तिथे ही लागवड झाली होती. उन्हाळा लागला की सुपाएवढी वाळकी पानं खाली पडत, पाय ठेवला की पापडासारखी मोडत, आणि त्यांच्याखाली गवताची काडी सापडत नसे.

आता हा साग जायचा होता. लाकूड लिलावात जाणार होतं आणि मोकळ्या जमिनीवर पुन्हा गवत, बांबू, मोह, तेंदू आणि मधूनमधून पाणथळ जागा उभ्या राहणार होत्या. कारण नाल्याच्या अलीकडच्या मोठ्या कुंपणात रानम्हशींचा एक लहानसा कळप वाट बघत होता. पाळीव म्हशींचं रक्त न मिसळलेल्या अस्सल रानम्हशी मध्य भारतात फार थोड्या उरल्या होत्या. त्यांना चरायला उंच गवत लागतं, लोळायला चिखल लागतो. सागाखाली दोन्ही नव्हतं. हा कळप जगवण्यात निनाद वैरागडेची उमेदीची सगळी वर्षं गेली होती.

पण झाडाला कुऱ्हाड लावण्याआधी जमीन वाचायची, असा नवा नियम होता. आणि इथली जमीन वाचायला आली होती ऋजुता देवतळे. ती पुरातत्त्वज्ञ होती, आणि निनादची बायको.

जमीन वाचायची म्हणजे खरोखरच वाचायची. माणूस जिथे राहतो तिथे तो सतत सांडत असतो. कातडीचा भुगा, केस, थुंकी, घाम, बाळंतपणातलं रक्त. जनावरं सांडतात, झाडं सांडतात. त्या सांडण्यातला डीएनए आपल्याकडच्या उष्ण आणि ओल्या हवेत टिकत नाही, असं शास्त्रज्ञ कितीतरी वर्षं धरून चालले होते. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की लोखंडाचा अंश असलेल्या तांबड्या चिकणमातीचे कण डीएनएचे तुकडे घट्ट धरून ठेवतात, चिक्कीतल्या गुळाने दाणे धरून ठेवावेत तसे. ते तुकडे हळुवारपणे सोडवणारं रसायन सापडलं आणि मृदावाचक हे यंत्र जन्माला आलं. जमिनीत बोटाएवढी नळी घालायची, मातीची कांडी वर काढायची आणि यंत्राला द्यायची. कोणत्या थरात कोण होतं, ते यंत्र सांगे. सगळे त्याला नुसतं वाचक म्हणत.

हजारो कांड्या वाचून झाल्या की वाचक त्यांचं एक चित्र जुळवत असे. ते बघायला खास चष्मा होता. तो लावून जंगलात चालायचं आणि बाजूची कळ फिरवत खाली उतरायचं.

त्या सकाळी ऋजुता एकटीच उतरली. पहिल्या थरात तिच्याभोवती सागच होता. कळ थोडी फिरवली, तसा साग धुक्यासारखा विरला आणि हिरव्या उजेडाची दुसरी झाडं वर आली. त्यांच्या रांगा नव्हत्या. आणखी खाली गेली तेव्हा झाडंही मागे सरकली आणि कमरेएवढं गवत तिच्या अंगावरून वाहू लागलं. गवतातून तांबूस उजेडाचे मोठे, संथ गोळे जात होते. त्या म्हशी होत्या. वाचक कुणालाच चेहरा देत नसे. झाडं हिरवी, जनावरं तांबूस, माणसं पिवळी. तरीही ती वाट देण्यासाठी नकळत बाजूला झाली.

चारेकशे वर्षांपूर्वीच्या थरात, चांद्याला गोंडराजे राज्य करत होते तेव्हाच्या मातीत, तिला वस्ती लागली. पाचसहा घरं. पिवळ्या उजेडाच्या पायवाटा नाल्याकडे जात होत्या आणि परत येत होत्या. एका घरात भिंतीकडेला एक पुरुष झोपत असे. दाराशी कुणी म्हातारी बसत असे. तिथला उजेड इतका दाट होता की तिने तिथे आयुष्य काढलं असावं. मधोमध चूल होती. चुलीतली राख, कोदो-कुटकीचे दाणे, मोहाचा अंश, सगळं होतं.

चुलीपाशी मात्र कुणी नव्हतं.

ऋजुता तिथे बराच वेळ उभी राहिली. चूल वर्षानुवर्षं पेटत होती, भाजणं-शिजवणं चालू होतं, आणि ते करणारं माणूस नव्हतं. चुलीच्या भोवतीचा, मागच्या अंगणाचा आणि तिथून नाल्यापर्यंतच्या एका वाटेचा भाग कोरा होता. सारवल्यासारखा स्वच्छ कोरा. इतर घरांत असं कुठेच नव्हतं.

तिने चष्मा काढला. भोवती साग होता आणि पानं वाजत होती.

*

दुपारी ती कुंपणाकडे गेली. निनाद एका म्हाताऱ्या म्हशीच्या खुराला मलम लावत होता. कळपातली ती सर्वांत थोरली. बाकीच्या तिच्या मागे चालत. निनाद तिला थोरली असंच म्हणे.

"वस्ती लागली," ऋजुता म्हणाली.

निनादचा हात थांबला. "वारस?"

प्रश्न एका शब्दाचा होता, पण सगळं त्यावरच होतं. जुनी वस्ती सापडली आणि तिचे आज हयात असलेले कुणी वारस निघाले नाहीत, तर तिची सविस्तर नोंद करून जागा तोडीला मोकळी करता येत असे. वारस निघाले तर त्यांची संमती मिळेपर्यंत एक फांदीही हलवायची नाही.

"आजूबाजूच्या सगळ्या गावांचे नमुने ताडून झाले. कुणाशीच जुळत नाहीत. इरुपगट्ट्याचे लोक तर नदीपलीकडून आलेत, ते स्वतःच सांगतात."

"म्हणजे बेवारस." निनादने श्वास सोडला. "ऋजू, पावसाच्या आत तोड झाली तर पहिल्याच पावसात गवताचं बी पडेल. दिवाळीनंतर यांना सोडता येईल. थोरली आहे तोवर सुटायला हव्यात. नवीन रानात पाणी कुठे, चिखल कुठे, हे शोधायचं तिला कळतं. बाकीच्या सगळ्या कुंपणात जन्मलेल्या आहेत."

थोरलीने मान वळवून ऋजुताकडे पाहिलं. तिची शिंगं अर्धचंद्रासारखी मागे वळलेली होती आणि डोळ्यांत सागाच्या रांगा उलट्या दिसत होत्या.

"एक चूल आहे," ऋजुता म्हणाली. "तिच्याजवळ कुणीच नाही. ते कळलं की अहवाल देते."

"चूल?" निनाद हसला. "बघ बाई. लवकर बघ."

*

तौसिफ शेख वाचकाचं तंत्र सांभाळत असे. ऋजुताचा तो जुना सहकारी. दोघांनी कितीतरी जंगलं बरोबर वाचली होती. तिने कोऱ्या जागेबद्दल विचारलं, तेव्हा तो चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "कोरं म्हणजे तिथे काही नाही असं नव्हे. वाचकाने तिथलं टाकून दिलंय."

"का टाकेल?"

"आपला कचरा समजून. आपण नळ्या हाताळतो, शिंकतो, घाम गाळतो. म्हणून तुझा, माझा, सगळ्या तुकडीचा डीएनए यंत्रात आधीच भरलेला आहे. त्याच्याशी जुळेल ते यंत्र गाळून टाकतं. गाळणी काढतो, मग बघू कुणाची शिंक आहे ती."

त्याने गाळणी काढली. पडद्यावर चुलीपाशी पिवळा उजेड उमटला आणि पसरत गेला, अंगणात, मागच्या दारी, नाल्याच्या वाटेवर. खाली नाव आलं. ऋजुता देवतळे.

तिला राग आला, स्वतःचाच. "मी हातमोजे कधीच काढले नाहीत."

"थांब." तौसिफ पडद्याजवळ सरकला. त्याचा आवाज बदलला होता. "हे ताजं नाही. ताज्या डीएनएचे धागे लांब असतात, टोकं साफ असतात. हे तुकडे आखूड आहेत आणि टोकं झिजलेली. दाराशी बसणाऱ्या म्हातारीचे जितके झिजलेत, तितकेच. ऋजुता, हे चारशे वर्षं मातीत होतं."

मग त्याने तिला माहीत असलेलंच पुन्हा सांगितलं, कारण दोघांनाही ते मोठ्याने ऐकायची गरज होती. प्रत्येकाच्या शरीरात डीएनएचा एक छोटा धागा असा असतो की तो फक्त आईकडून येतो. बाप त्यात काही मिसळत नाही. आईकडून मुलीला, मुलीकडून नातीला, तो जवळजवळ जसाच्या तसा उतरतो. मातीतही तोच सर्वांत जास्त टिकतो, म्हणून वाचक माणसांची घराणी त्यावरूनच ओळखतो. ऋजुताच्या या धाग्यात दोन अक्षरं अशी वेगळी होती की तशी जोडी आजवर दुसऱ्या कुणात सापडली नव्हती. चुलीजवळच्या बाईत ती होती. तिच्या मुलांतही होती. म्हणून आई आणि मुलं, सगळीच कोरी झाली होती.

"तुझ्या आईच्या आईच्या आईच्या…" तौसिफ बोलता बोलता थांबला. "ती तुझी कोण लागते, याला शब्दच नाही आपल्याकडे."

ऋजुता पडद्याकडे बघत होती. चुलीजवळच्या बाईभोवती छोटे छोटे उजेड होते. एक तिच्या अगदी अंगाशी होता. पाजत असावी.

*

निनादला तिने त्याच संध्याकाळी सांगितलं. दोघं त्यांच्या झोपडीच्या पायरीवर बसले होते. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "गाळणी काढली नसतीस तर?"

ऋजुताने पायरीवरचं वाळकं पान उचललं.

"नियमाने गाळणी लावलेलीच असते. कुणी तुला विचारलंही नसतं. जागा बेवारस ठरली असती, म्हशी सुटल्या असत्या. कुणाचं काय गेलं असतं?"

"तिचं," ऋजुता म्हणाली.

"ती चारशे वर्षांपूर्वी गेली, ऋजू. थोरली आज आहे."

हे खरं होतं, आणि म्हणूनच ते ऐकणं जड गेलं. ऋजुताने त्याच्या हातावर हात ठेवला. त्याने तो ओढून घेतला नाही, पण त्याची बोटंही हलली नाहीत.

सकाळी तिने खरा अहवाल पाठवला. वारस असलेली व्यक्ती सर्वेक्षण करू शकत नाही, म्हणून तिला कामावरून दूर करण्यात आलं. सागाच्या पट्ट्याभोवती दोर बांधले गेले. निनाद कुंपणापाशीच जेवू लागला. आणि ऋजुता बस धरून हिंगणघाटला आईकडे गेली, कारण कायद्याने संमती द्यायची ती घराण्यातल्या हयात असलेल्या सर्वांत थोरल्या बाईने, आणि ती ऋजुता नव्हती. ललिताबाई देवतळे होत्या.

*

ललिताबाई पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाल्या होत्या. आयुष्यभर लोकांचे पत्ते वाचल्यामुळे त्यांना गावांची नावं तोंडपाठ होती. त्या वांगी चिरत होत्या. लेकीचं सगळं ऐकून त्या आधी खूप हसल्या.

"जंगलातली? अगं, तुझ्या बाबांच्या घराण्याची वंशावळ चौदा पिढ्यांची आहे, फ्रेम करून लावलेली."

"त्यात बायका कुठे आहेत, आई?"

ललिताबाईंची सुरी थांबली.

"तुझं माहेर कुठलं?" ऋजुताने विचारलं.

"चिमूर. हे काय विचारणं झालं?"

"आणि आजीचं?"

"मूल. तिथे मी लहानपणी जायची, मामाकडे."

"तिच्या आईचं?"

"आष्टी. वैनगंगेच्या काठी. आई सांगायची, डोंगा करून जावं लागायचं." ललिताबाई आता खिडकीबाहेर बघत होत्या. "आणि त्या पणजीची आई तिकडची, आलापल्लीच्याही खालच्या अंगाची. तिला आमच्याकडे 'रानची' म्हणायचे. मला वाटायचं, आडनाव असेल तिचं."

ऋजुताने ती नावं मनात ओळीने लावली. चिमूर, मूल, आष्टी, आलापल्ली. माहेराच्या माहेरी जात जात वाट दक्षिणेला उतरत होती आणि प्रत्येक पावलाला जंगल दाट होत होतं.

"वांगी राहू दे," ललिताबाई म्हणाल्या. "बॅग भरते."

*

सुनावणी इरुपगट्ट्याच्या ग्रामसभेने बोलावली. गावाच्या मधोमध, चिंचेच्या सावलीत, अंथरलेल्या चटयांवर. अध्यक्ष पेकी पुंगाटी होत्या. साठीच्या, ताठ बसणाऱ्या, मोहफुलांचा मोठा सहकारी संघ चालवणाऱ्या. निनाद एका कडेला उभा होता. अधिकारी, ठेकेदाराची माणसं, तौसिफ, सगळे होते.

"बाई," पेकी पुंगाटी ललिताबाईंना म्हणाल्या, "आम्ही इथे राहतो, पण त्या जागेवर आमचे कुणी पुरले नाहीत. तुमचे पुरले. तुम्ही आधी बघा, मग बोला."

ललिताबाईंना चष्म्याची भीती वाटत होती. ऋजुताने त्यांचा हात धरला आणि दोघी दोर ओलांडून सागात शिरल्या. एक चष्मा आईने लावला, एक लेकीने. ऋजुताने कळ फिरवली. साग विरला, गवत वर आलं, घरं उजळली.

"ती बघ," ऋजुता हलकेच म्हणाली.

चुलीपाशी पिवळा उजेड होता. ललिताबाई खाली बसल्या, वाळक्या पानांवर, पाय दुमडून, कुणाच्या स्वयंपाकघरात गप्पा मारायला बसावं तशा. गवतातून तांबूस गोळे अंगणाच्या कडेपर्यंत येत होते आणि परत जात होते.

"हे काय गं?"

"रानम्हशी. घरापर्यंत यायच्या. इथलं गवत माणसांनीच राखलेलं होतं, अधूनमधून जाळून. माणसं गेली, रान वाढलं, म्हशी पांगल्या."

"आणि हा?" ललिताबाईंनी बोट दाखवलं. अंगणातल्या छोट्या उजेडांपैकी एक उजेड थरागणिक मोठा होत गेला होता. तो नाल्याच्या वाटेने गेला होता, पाण्यापर्यंत. पलीकडे तो नव्हता, आणि वरच्या कोणत्याच थरात परत आला नव्हता.

"मुलगी होती. ती इथून गेली. आपण तिच्याकडून आलो."

ललिताबाई त्या वाटेकडे फार वेळ बघत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलू लागले. ऋजुताला आधी वाटलं त्या हसतायत.

"पाठवणी केली गं तिची," त्या म्हणाल्या. "बघ ना, आईचा उजेड नाल्यापर्यंत तिच्या शेजारीच आहे. तिथून परत एकटाच आलाय."

ऋजुताने ते यापूर्वी पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि तिला ते दिसलं नव्हतं.

चटईवर परत आल्यावर ललिताबाईंनी डोळे पुसले, पदर सारखा केला आणि पोस्टातल्या खिडकीतून बोलावं तशा स्पष्ट बोलल्या. "माझी संमती आहे. साग काढा. तिच्या अंगणात साग नव्हता, म्हशी होत्या. त्यांना परत येऊ द्या. पण तिथे यंत्र चालवायचं नाही. चाकाखाली माती दळली तर ती बाई कायमची पुसली जाईल. हाताने तोडा, बुंधा जमिनीतच राहू द्या."

ठेकेदाराचा माणूस उठला. "मॅडम, हाताने तोडलं तरी ओंडके ओढायला ट्रॅक्टर लागतोच."

"हत्ती आहेत वनखात्याच्या कॅम्पात," पेकी पुंगाटी म्हणाल्या. "आमच्या लहानपणी तेच ओढायचे. पाय मऊ असतो त्यांचा."

"पण त्याने दोन मोसम जातील!" हे निनाद म्हणाला. कुणी त्याला विचारलं नव्हतं. "पावसात ओंडके निघत नाहीत. म्हशींना आणखी एक वर्ष कुंपणात ठेवावं लागेल."

ललिताबाई जावयाकडे वळल्या. "निनादराव, मला ठाऊक आहे मी काय मागतेय ते. पण मी दुसरं काही मागू शकत नाही."

 ग्रामसभेने होकाराचे हात वर केले.

निघताना पेकी पुंगाटींनी ललिताबाईंना हाक मारली. त्यांच्या ओंजळीत नवे तांदूळ आणि वाळलेली मोहफुलं होती. "पदर पसरा, बाई. माहेराहून रिकामं जाऊ नये."

"आई गेल्यापासून मला कुणी असं वाटेला लावलं नव्हतं," ललिताबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पदर पसरला.

*

हत्ती आले. दिवसभर करवती चालत आणि मग हत्ती एकेक ओंडका साखळीने ओढत धुळीतून बाहेर येत, झोपेत चालल्यासारखे. पावसाळ्यात काम थांबलं. मोकळ्या झालेल्या अर्ध्या पट्ट्यात, सागाच्या बुंध्यांमधून, कुणी न पेरता गवत उगवलं. ते बी इतकी वर्षं मातीत निजून होतं.

त्या थंडीत थोरली गेली. सकाळी निनाद कुंपणात गेला तेव्हा ती पाण्याकडे तोंड करून बसलेली होती आणि उठली नाही. त्याने तिच्यासाठी खड्डा खणला. ऋजुताही फावडं घेऊन आली आणि त्याच्या शेजारी खणू लागली. त्याने तिला जा म्हटलं नाही. त्यानंतर कितीतरी दिवस तो तिच्याशी कामापुरतंच बोलत असे, आणि तीही त्याला आणखी काही मागत नसे. मात्र तो पुन्हा घरी जेवू लागला.

दुसऱ्या वर्षीची दिवाळी झाली, गवत डोक्याएवढं झालं, तेव्हा कुंपणाचं दार काढून टाकण्यात आलं. म्हशी बाहेर येईनात. दारातून पलीकडे बघत, फुरफुरत उभ्या राहिल्या. वाट दाखवणारं कुणी नव्हतं. उन्हं कलली. निनाद झाडाआड बसून होता, ओठ घट्ट मिटून. ऋजुता त्याच्या शेजारी होती.

मग थोरलीची लेक पुढे आली. तिने दाराबाहेरची माती हुंगली, एकदा मागे पाहिलं आणि नाल्यात उतरली. चुकीच्या जागी उतरली. तिथे खडक होते, ती घसरली, सावरली, वळली, पुन्हा शोधू लागली. बाकीच्या काठावर थांबल्या होत्या. शेवटी तिला उतार सापडला. ती पलीकडे चढली आणि गवतात शिरली, आणि गवत तिच्यामागे मिटलं. एकामागून एक सगळ्या गेल्या. उन्हात फक्त शिंगांची टोकं सरकताना दिसत होती. ज्या जागी चूल होती तिथे ती टोकं थांबली, खाली झाली, आणि चरण्याचा आवाज येऊ लागला.

तिथे एक पक्षी बोलला, मग दुसरा.

निनाद उठला. त्याचा चेहरा ओला होता आणि तो पुसायचं त्याच्या लक्षात नव्हतं. त्याने ऋजुताला उठवायला हात पुढे केला.

"ऋजू," तो म्हणाला, "आईंना फोन लाव. म्हणावं, पोरी सुखरूप पोचल्या."